अण्णा बोटीत बसतात

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्यासारख्या प्रत्येक घरात एकच चर्चा सुरू होते : यंदा कुठे? भारतातून आई-वडील आलेले असले तर हा प्रश्न आणखी अवघड. पहिल्या खेपेला नायगारा दाखवून झालेला असतो. बान्फ तर आम्हां कॅलगरीकरांच्या अंगणातच. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला लेक लुईजच्या काठी उभे करून फोटो काढला की यजमानाचे कर्तव्य संपते!

२०२२ च्या उन्हाळ्यात आई-अण्णा तीन वर्षांनी आमच्याकडे आले. मधले दोन उन्हाळे करोनाने खाल्ले होते. अण्णांनी सत्त्याहत्तरी गाठलेली, आईचे गुडघे कुरकुरायला लागलेले. म्हटलं, पुढची खेप होईल न होईल, यंदा जरा लांब जाऊ. व्हँकुव्हर पाहू, आणि तिथून व्हिक्टोरिया. सौ.ने लगेच होकार दिला, मुले खूश, आईने दशम्यांचे पीठ मोजायला घेतले. अण्णांना मी फक्त ‘व्हिक्टोरियाला जायचंय, राजधानी आहे’ एवढेच सांगितले. मधला समुद्र गाळला.

तो का गाळला ते पुढे येईलच. आधी थोडा भूगोल, कारण इथे नवीन आलेल्यांचा हमखास गोंधळ होतो. व्हँकुव्हर शहर व्हँकुव्हर बेटावर नाही! ते मुख्य भूमीवर आहे. बेटावर आहे ते व्हिक्टोरिया, ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी. १८४३ साली हडसन्स बे कंपनीने तिथे किल्ला बांधला, १८४९ साली बेटाची स्वतंत्र वसाहत झाली. पुढे १८६६ मध्ये मुख्य भूमीची वसाहत आणि बेट एकत्र झाले आणि १८६८ साली राजधानीचा मान बेटावरच्या व्हिक्टोरियाला मिळाला. तेव्हापासून हा प्रांत आपल्या राजधानीला पाण्यावरून जातो.

‘मग पूल का नाही बांधला?’ हा प्रश्न मला इंजिनिअर म्हणून नेहमी विचारला जातो. (माझा धंदा पाइपलाइनचा, पण नातेवाइकांच्या लेखी सगळे इंजिनिअर सारखेच.) मधली जॉर्जियाची सामुद्रधुनी काही ठिकाणी तीनशे मीटरहून अधिक खोल आहे, तळाशी मऊ गाळाचे जाड थर आहेत, आणि हा सगळा टापू भूकंपाचा. खांब उभे करायचे कशावर? त्यामुळे पूल नाही, बोगदा नाही. फेरी आहे. मोटारगाडीसकट बोटीत शिरायचे, दीड तासाने पलीकडे गाडीसकट बाहेर पडायचे.

आणि इथेच माझी अडचण होती. आमच्या घरात बोटीत पाय ठेवायचा नाही, असा नियम होता.

*

आमचे गाव पोयनाडजवळ. आता रायगड म्हणतात, तेव्हा कुलाबा जिल्हा. १७ जुलै १९४७. आषाढ अमावास्या, म्हणजे गटारी. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला असलेली आमच्याकडची माणसे सणाला घरी यायला निघाली होती. सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पाऊणएक तासाच्या आत काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आली. माणसे घाबरून एका बाजूला धावली, बोट कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळायलाच कित्येक तास लागले. रेवसकडचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. त्यांनी मासळी समुद्रात टाकून दिली आणि माणसे होड्यांत ओढून घेतली, असे आमच्याकडे सांगतात. जे वाचले ते बरेचसे त्यांच्यामुळे.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गावातल्या एकाने त्यांना त्या सकाळी धक्क्यावर पाहिले होते, हातात खाऊची पिशवी होती. बोटीत चढताना मात्र कोणी पाहिले नाही. तिकिटावर नाव नसायचे. मृतदेह मिळाला नाही. त्यामुळे आजीच्या मनात एक शंका राहिली : बोट चुकली असेल. मागून येतील. वर्षभर तिने कोणाला कुंकू पुसू दिले नाही. शेवटी कोणी काय समजूत घातली ठाऊक नाही, पण पुसले. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि अण्णा दोन वर्षांचे.

तेव्हापासून घरात दोन नियम झाले. गटारी करायची नाही, आणि घरातल्या कोणी बोटीत पाय ठेवायचा नाही. अख्ख्या गावात मटणाचा वास सुटलेला असताना आमच्याकडे पिठलं-भात असायचा. लहानपणी मला त्याचा फार राग यायचा. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. शाळेची सहल घारापुरीला निघाली की ते नेमके आजारी पडत! मुंबईला जायचे तर पेण-पनवेलवरून एस.टी.ने, मग कितीही वेळ लागो. रेवसची लाँच दीड तासात पोचवते, हे त्यांना कोणी सांगायची सोय नव्हती.

कॅनडाला आले ते विमानाने, तेही अटलांटिकवरून. ‘अण्णा, खाली समुद्रच आहे की,’ असे मी पहिल्या खेपेला गमतीत म्हटले होते. ते म्हणाले, ‘खाली आहे ना? मग असू दे.’

*

व्हँकुव्हरमध्ये दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी सकाळची फेरी होती. आदल्या रात्री मोटेलच्या खोलीत थालीपीठ खाता खाता आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी बॉम्ब टाकला.

‘आजोबा, उद्या आपण शिपमध्ये जाणार! आपली व्हॅनपण शिपमध्ये जाणार!’

सौ.ने त्याच्याकडे पाहिले, कन्येने माझ्याकडे पाहिले, आईने ताटात पाहिले. अण्णा काहीच बोलले नाहीत. हात धुतले, खुर्चीत जाऊन बसले. मी तयारीतच होतो. म्हटलं, ‘अण्णा, तुम्हाला नको असेल तर आपण रद्द करू. इथंही बघण्यासारखं पुष्कळ आहे.’

बऱ्याच वेळाने ते आईला म्हणाले, ‘अगं, नारळी पौर्णिमा झाली का?’

आईचे कालनिर्णय तिच्याबरोबर अटलांटिक ओलांडून येते. तिने पर्समधून काढून पाहिले. ‘गुरुवारी झाली. अकरा तारखेला.’ आता तिथी इथली धरायची की तिथली, हा आपल्या मंडळातला जुना वाद. पण त्या दिवशी रविवारची पूर्वसंध्या होती, दोन्हीकडच्या हिशेबाने पौर्णिमा होऊन गेलेली. किनाऱ्यावरच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दर्याला नारळ दिला की बोटी निघतात.

‘बरं,’ अण्णा म्हणाले. मग त्यांनी टेबलावरचे मोटेलचे छोटे पॅड ओढले, खिशातले पेन काढले आणि मास्तरी आवाजात माझी परीक्षा सुरू केली.

‘बोटीचं नाव?’

‘स्पिरिट ऑफ व्हँकुव्हर आयलंड.’

‘लांबी?’

‘१६७ मीटर.’

‘केव्हा बांधली?’

‘१९९४ साली. इथंच, या प्रांतात. मध्ये दोन वेळा मोठी डागडुजी झाली. आता नैसर्गिक वायूवरही चालते.’

‘माणसं किती?’

‘खलाशी धरून २१०० घेऊ शकते. गाड्या ३५८.’

‘अंतर?’

‘४४ किलोमीटर. एक तास पस्तीस मिनिटं.’

‘वायरलेस?’

‘आहे. रडारही आहे.’

हे सगळे त्यांनी एकाखाली एक लिहून काढले. मग पेन खाली ठेवून विचारले, ‘कलंडत कशी नाही, ते सांग.’

मी एडमंटनला मास्टर्स करताना फ्लुइड मेकॅनिक्सचे जे काही शिकलो होतो ते त्या रात्री कामी आले. मी सांगितले की बोट एका बाजूला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, आणि पाणी तेवढ्याच जास्त जोराने त्या बाजूला वर ढकलते. म्हणजे पाणीच तिला सरळ करते. अट एवढीच की वजन खाली हवे आणि तिथेच राहायला हवे. इथे अवजड ट्रक खालच्या मजल्यावर असतात, तळाशी पाण्याच्या टाक्या असतात, त्यांत पाणी कमी-जास्त करून तोल सांभाळतात. माणसे वर असतात, पण एवढ्या वजनापुढे हजार-दोन हजार माणसे एका बाजूला गेली तरी बोटीला फारसे कळत नाही. लहान बोटीला मात्र कळते.

‘आणि पाणी आत शिरलं तर?’ अण्णांनी नेमके विचारले.

मी क्षणभर थांबलो. मग सांगितले. ‘आई परातीत पाणी घेऊन चालते तेव्हा काय होतं? जरा हात कलला की सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. कळशीत तेवढंच पाणी असलं तरी तसं होत नाही. गाड्यांचा मजला म्हणजे मोठी परात. म्हणून तिथं पाणी येऊ द्यायचं नाही, हाच सगळ्यात मोठा नियम. तोंडाची दारं लावल्याशिवाय बोट सोडत नाहीत.’

हा नियम कसा कडक झाला, ते त्या रात्री मी सांगितले नाही. तुम्हांला सांगतो. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधल्या झेब्रुगा बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही मोटारींची फेरी पुढचे दार उघडेच ठेवून निघाली. गाड्यांच्या मजल्यावर पाणी शिरले आणि बंदराच्या तोंडाशीच काही मिनिटांत ती आडवी झाली. १९३ माणसे गेली. त्यानंतर दार लागले की नाही हे कप्तानाला त्याच्या जागेवरून दिव्यांवर दिसले पाहिजे, असा नियम झाला. परातीचे गणित सगळ्यांना ठाऊक होते; फक्त दार लागले का, हे कोणी पाहिले नव्हते.

सकाळी सहा वाजता जाग आली तेव्हा अण्णा आंघोळ करून, टोपी घालून, बूट घालून खुर्चीत तयार बसले होते. म्हणाले, ‘चला.’

*

फेरीचा धक्का शहरापासून तास-पाऊण तासावर, त्सवासन नावाच्या जागी आहे. इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरे कुठली उच्चारायची आणि कुठली गिळायची यावर आमच्या गाडीत बराच वाद झाला. मूळ नाव तिथल्या आदिवासी राष्ट्राचे. अर्थ ‘समुद्राकडे तोंड असलेली जमीन’. समुद्रात भराव टाकून तीनएक किलोमीटरचा रस्ता केला आहे आणि त्याच्या टोकाला धक्का.

तिकीटखिडकीशी गाडी थांबवली. आतल्या बाईंनी आरक्षण पाहिले आणि विचारले, ‘गाडीत किती जण?’ मी म्हटले, सहा. बाईंनी तरी वाकून आत पाहिले, बोटाने मोजले आणि मग आकडा यंत्रात घातला.

‘काय विचारलं?’ मागून अण्णा.

‘किती माणसं आहेत ते.’

‘नावं?’

‘नावं नाही विचारत. आकडा फक्त.’

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘आकडा तरी घेतला.’

मग रांगेत गाडी लावून थांबायचे. ही थांबायची तासभराची वेळ म्हणजे निम्मी सहल! लोक गाड्यांतून उतरून पाय मोकळे करतात, मुले आइस्क्रीमसाठी हट्ट करतात, कुत्री फिरायला नेतात. या वेळात मी चिरंजीवांना इतिहास सांगायचा प्रयत्न केला. पूर्वी इथे खासगी कंपन्यांच्या बोटी चालत. १९५८ साली त्यांच्यात संप झाला आणि बेटाचे दळणवळण तुटले. तेव्हाचे मुख्यमंत्री बेनेट म्हणाले, फेरी आता सरकारच चालवेल. १५ जून १९६० रोजी दोन बोटींवर याच मार्गावर सेवा सुरू झाली. चिरंजीवांनी एवढेच विचारले, ‘बोटीवर फ्राइज मिळतात का?’ मिळतात.

गाड्या आत घ्यायला लागले. फ्लुरोसंट जाकिटातला एक माणूस हातवारे करून प्रत्येकाला जागा दाखवत होता : तू डावीकडे, तू मधे, अवजड ट्रक मधल्या पट्ट्यात. हे नुसते जागेचे नियोजन नाही, तोलाचेही आहे. अण्णा खिडकीतून सगळे बघत होते. गाडी लावली, इंजिन बंद केले, उतरलो. खालच्या बंदिस्त मजल्यावर बोट चालू असताना गाडीत बसून राहायला २०१७ पासून बंदी आहे. सगळ्यांनी वर जायचे. आईच्या गुडघ्यांमुळे लिफ्टने गेलो.

अण्णांनी बोटीत पाय कधी ठेवला, ते माझ्या लक्षातच आले नाही. गाडीतून आत आलो होतो ना! तेही नंतर म्हणाले, ‘अरे, पाय मी ठेवलाच नाही. टायरनं ठेवला.’

*

वर पोचल्यावर आम्ही खिडकीजवळच्या खुर्च्या पकडल्या. अण्णा बसले नाहीत. भिंतीवर सुरक्षेचा नकाशा होता, त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर सूचना सुरू झाल्या. अण्णा म्हणाले, ‘भाषांतर कर.’ विमानात अशा सूचना चालू असताना मी पेपर वाचत असतो. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा नीट ऐकल्या आणि मराठीत सांगितल्या : लाइफ जॅकेटं कुठे, मुलांची वेगळी कुठे, भोंगा झाला तर कुठे जमायचे. अण्णांनी कपाटे जाऊन पाहिली. मग सगळ्यांना बोलावून आपली जमायची जागा दाखवली. कन्या चौदा वर्षांची; तिला आजूबाजूच्या लोकांची लाज वाटत होती, पण ती गेली.

बोट सुटली. धक्का हळूहळू मागे सरकला. थोड्या वेळात माझ्या फोनवर निरोप आला, ‘अमेरिकेत आपले स्वागत आहे!’ ही गंमत सरहद्दीची. १८४६ च्या तहाने ४९ वे अक्षवृत्त ही सीमा ठरली, पण व्हँकुव्हर बेट अख्खे ब्रिटिशांकडे राहिले. त्या रेषेने त्सवासनच्या द्वीपकल्पाचे टोक मात्र कापले गेले. पॉइंट रॉबर्ट्स नावाचे ते टोक अमेरिकेचे आहे आणि जमिनीवरून तिथे जायचे तर कॅनडातूनच जावे लागते. त्याला वळसा घालताना फेरी थोडी अमेरिकेच्या पाण्यातून जाते.

आईला समुद्राला काहीतरी वाहायचे होते. समुद्रात काही टाकता येत नाही, हे समजावल्यावर तिने कठड्याशी उभे राहून नुसते हात जोडले. मग दशम्यांचा डबा उघडला. शेजारच्या बाकावरच्या कॅनेडियन आजींनी दशमी चाखून कृती विचारली, आणि आमच्या मातोश्रींनी ती मराठीतच सांगितली!

अण्णा आणि मी बाहेरच्या डेकवर गेलो. वारा होता. अण्णांनी एका हाताने टोपी आणि दुसऱ्याने कठडा धरला होता. खरे सांगायचे तर समुद्र इतका शांत होता की आमच्या गावचे तळे बरे. बराच वेळ काही न बोलता उभे होतो. मग त्यांनी विचारले, ‘इथं कधी बुडाली आहे का?’

खोटे बोलायचे मनात आले. पण हे तेच मास्तर होते, ज्यांनी मला पाढे शिकवले होते.

‘हो,’ म्हटलं. ‘या मार्गावर नाही. उत्तरेला. २००६ साली, मार्च महिन्यात. ‘क्वीन ऑफ द नॉर्थ’ नावाची बोट मध्यरात्रीनंतर गिल बेटावर आपटली आणि बुडाली. याच सेवेची होती.’

‘किती माणसं?’

‘एकशे एक होती. नव्याण्णव वाचली.’

‘दोन गेली.’

‘दोन गेली. आधी सगळे वाचले असंच वाटलं होतं. मग मोजणी जुळेना.’

अण्णा समुद्राकडे बघत होते. ‘आणि ही नव्याण्णव कोणी काढली?’

‘लोक लाइफबोटींत उतरले होते. जवळ हार्टली बे म्हणून छोटं गाव आहे, तिथल्या मूळ लोकांचं. त्यांनी रात्री रेडिओवर ऐकलं आणि आपापल्या होड्या घेऊन निघाले. लोकांना गावात आणलं, पांघरुणं दिली, चहा-कॉफी दिली.’

‘मासेमारी करतात?’

‘हो, पिढ्यान्‌पिढ्या.’

‘म्हणजे कोळीच,’ अण्णा म्हणाले.

पुढे बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग आपणहून म्हणाले, ‘आईला आकडा हवा होता. माझ्या आईला. किती चढले, किती वाचले, किती सापडले. ती म्हणायची, एवढी बोट सोडली, तर किती माणसं होती ते कोणाला तरी माहीत असेल ना? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगायचा. एका आकड्यात तिचा नवरा गेलेला, दुसऱ्या आकड्यात कदाचित नाही. त्या फरकात ती जगली बघ.’

हे त्यांनी मला आधी कधीच सांगितले नव्हते. मला वाटायचे आमच्या घराला समुद्राची भीती आहे. भीती समुद्राची नव्हतीच, निदान आजीची तरी नव्हती.

आता आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रवासी जहाज बंदर सोडण्यापूर्वी त्यावरची माणसे मोजावी लागतात. मी अनेकदा या फेऱ्यांतून गेलो होतो. खिडकीतल्या बाई ‘गाडीत किती जण?’ विचारतात तेव्हा ते तिकिटाच्या पैशांसाठी, असे मला वाटे.

मलाही एक कबुली द्यायची होती. मुंबईला इंजिनिअरिंगला असताना सुट्टीला घरी येताना मी दोन-तीनदा रेवसच्या लाँचने आलो होतो. आजीला आणि अण्णांना ‘एस.टी.ने आलो’ म्हणून सांगितले होते. पंचवीस वर्षांनी ते डेकवर सांगून टाकले.

‘माहीत होतं,’ अण्णा म्हणाले. ‘पनवेलची एस.टी. साडेअकराला यायची. तू नऊला दारात.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘आजीसमोर काय बोलायचं? पोचला होतास ना.’

*

तासाभराने बोट गल्फ बेटांच्या जवळ येते आणि गॅलियानो व मेन या दोन बेटांमधल्या ॲक्टिव्ह पासमध्ये शिरते. १८५५ साली इथे आलेल्या ‘ॲक्टिव्ह’ या अमेरिकन सर्वेक्षण जहाजाचे नाव या खिंडीला दिले आहे. एवढे मोठे जहाज दोन डोंगरांमधून वळणे घेत जाते. झाडे, किनाऱ्यावरची घरे, घरांच्या गच्चीवर बसलेली माणसे, सगळे हाकेच्या अंतरावर. शिरण्यापूर्वी कप्तान जोरदार भोंगा वाजवतो. मी अण्णांना आधी सांगून ठेवले होते, तरी ते दचकले. आईसुद्धा बाहेर आली. थोड्याच वेळात समोरून व्हिक्टोरियाकडून परतणारी फेरी आली आणि शेजारून गेली. त्या बोटीवरच्या लोकांनी हात हलवले. अण्णांनी कठडा सोडून हात हलवला. टोपी उडाली नाही.

स्वार्ट्झ बेला उतरून अर्ध्या तासात व्हिक्टोरियात पोचलो. १८९८ साली खुले झालेले विधानभवन पाहिले, बुचार्ट बागेत आईने प्रत्येक डेलियासमोर उभे राहून फोटो काढून घेतला. ते सगळे छान आहे, त्यावर मंडळाच्या अंकात यापूर्वी पुष्कळांनी लिहिले असेल, म्हणून मी लिहीत नाही. परतीच्या फेरीत अण्णा सगळ्यांच्या आधी डेकवर होते, एवढे मात्र नोंदवतो.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी दोन-चार सूचना : उन्हाळ्यात आणि लांब शनिवार-रविवारी आरक्षण केल्याशिवाय जाऊ नका. आरक्षण असले तरी पाऊण तास आधी पोचा. जाकीट बरोबर घेऊनच वर चढा, कारण गाडी खालच्या बंदिस्त मजल्यावर असली तर एकदा वर गेल्यावर तिच्याशी परत येता येत नाही. गाडी कुठल्या मजल्यावर, कुठल्या जिन्याजवळ लावली ते लक्षात ठेवा. आम्ही परत येताना चुकीच्या जिन्याने उतरलो आणि सगळ्यांची बोलणी खाल्ली. आणि सुरक्षेच्या सूचना सुरू झाल्या की दोन मिनिटे गप्पा थांबवून ऐका. मुलांना भाषांतर करून सांगायची गरज नसते; आई-वडिलांना असते.

आई-अण्णा ऑक्टोबरमध्ये परत गेले. जानेवारीत एका रात्री फोन वाजला. भारतात सकाळ होती. मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

‘कुठून बोलताय?’

‘बोटीतून,’ अण्णा म्हणाले. मुंबईला एका लग्नाला गेले होते. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली आहे, तिने परत निघाले होते. जावयाची गाडी होती, आई आत बसली होती. ‘इथंपण टायरनंच पाय ठेवला,’ म्हणाले. मग थोडे थांबून, ‘काशाचा खडक कुठल्या बाजूला ते एका खलाशाला विचारलं. दाखवलं त्यानं. हात जोडले.’

मी काय बोलणार?

‘आणि हो,’ अण्णा म्हणाले, ‘सुटायच्या आधी धक्क्यावरच्या पोराला विचारलं, किती माणसं चढली म्हणून. तो म्हणाला, काका, तुम्हाला कशाला हवं? म्हटलं, आमच्या घरी विचारायची पद्धत आहे.’

‘मग? सांगितलं त्यानं?’

‘सांगितलं की. लिहून घेतलाय आकडा.’